गोव्यात क्रिकेट अंपायर व्हायचंय? कायद्याच्या पुस्तकापासून पॅनलपर्यंतची वाट

क्लबकडून खेळणं थांबलं तरी मैदानाची ओढ सुटत नाही, अशी पुष्कळ मंडळी पेडण्यापासून काणकोणपर्यंत भेटतात. त्यांतले बरेच जण कधी ना कधी विचारतात : अंपायर कसं व्हायचं? परीक्षा कोण घेतं? रणजी खेळलेलं असावं लागतं का? पोट भरतं का त्यावर? उत्तरं इकडून थोडी, तिकडून थोडी अशी मिळतात आणि माणूस मधेच कंटाळतो. या वाटेने गेल्यावर जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे.

आधीच सांगतो, वीस वर्षं क्रिकेट खेळलोय एवढ्या भांडवलावर अंपायरिंग जमत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात : कायद्याचे नेमके शब्द, आणि प्रत्येक चेंडूला न चुकता पाळलेला तोच तो क्रम. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

१. आधी डोळे, पाय आणि रविवार तपासा

डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. चश्म्याला हरकत नाही, पण नंबर ताजा हवा. कानही तपासून घ्या, कारण कीपरकडे जाणाऱ्या चेंडूला बॅट लागली की पॅड, हे पुष्कळदा आवाजावरूनच ठरवावं लागतं.

पन्नास ओव्हरच्या सामन्यात सात तासांच्या आसपास उभं राहावं लागतं, तेही आपल्याकडच्या दमट हवेत. फलंदाज आउट होतो, गोलंदाज स्पेल संपवून फाइन लेगला जातो, अंपायर मात्र तिथेच असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिसऱ्या विकेटसाठी ६०६ धावांची अखंड भागीदारी केली. रणजीच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी भागीदारी. आपण सगळ्यांनी धावा मोजल्या. नवख्या अंपायरने त्या सामन्याकडे आणखी एका बाजूने पाहावं : इतका वेळ विकेट पडत नसतानाही प्रत्येक चेंडूला गोलंदाजाचा पाय पाहायचा आणि एलबीच्या (पायचीतच्या) अपिलासाठी तयार राहायचं. ती एकाग्रता अंगात येण्यासाठी आजपासून रोज चालायला लागा.

घरच्यांशीही आधी बोलून घ्या. आपला हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. लग्नसराई, जत्रा, शिगमो, सगळं याच काळात. चवथ तेवढी पावसाळ्यात असल्यामुळे वाचते. दोन-तीन दिवसांचे सामने कामाच्या दिवशीही लागतात, तेव्हा रजा मिळेल का, हे नोकरीच्या ठिकाणी विचारून ठेवलेलं बरं.

मोठ्या पातळीवर खेळलेलं असायलाच हवं असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात पहिल्यांदा महिला अंपायर उभ्या राहिल्या : वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन. त्यांतल्या वृंदा राठी अंपायर होण्याआधी स्कोअरर होत्या. मुलींना मी मुद्दाम सांगतो, हे दार उघडं आहे.

२. कायदे वाचायचे कसे

क्रिकेटचे कायदे लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब म्हणजे एमसीसी बनवतो. एकूण ४२ कायदे आहेत. सध्याची संहिता २०१७ ची, आणि तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात. म्हणून कोणाकडून तरी मिळालेली जुनी झेरॉक्स वापरू नका. एमसीसीच्या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट आहे, ताजी आवृत्ती तिथूनच घ्या.

पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर चेंडूचं वजन आणि रोलरच्या वेळा यांतच अडकाल. माझ्या मते क्रम असा ठेवा : आधी २०, २१ आणि २२, म्हणजे डेड बॉल (खेळातून बाद झालेला चेंडू), नो-बॉल, वाइड. मग १७ ते १९, म्हणजे ओव्हर, धावा, सीमारेषा. मग २३, म्हणजे बाय आणि लेगबाय. त्यानंतर ३१, अपील. मग ३२ ते ४०, बाद होण्याचे प्रकार. शेवटी ४१ आणि ४२, गैरखेळ आणि खेळाडूंचं वर्तन. इतकं झालं की पहिल्या कायद्याकडे परत या.

मजकूर इंग्रजीतच वाचा, पण समजून घेताना मराठीत नाहीतर कोंकणीत मोठ्याने बोला. दोघेतिघे मिळून बसलात तर उत्तम : एकाने प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने निर्णय आणि कायद्याचा क्रमांक. पावसाळ्याचे चार महिने यासाठीच आहेत असं समजा.

इथला सापळा मोठा आहे. टीव्हीवर दिसतं ते सगळं कायद्यात नसतं. फ्री हिट कायद्यात नाही. पॉवरप्ले नाही, डीआरएस (निर्णयाची टीव्हीवर फेरतपासणी) नाही. लेग स्टंपबाहेर जरासा गेला की वाइड, हेही कायद्यात नाही. या सगळ्या त्या त्या स्पर्धेच्या खेळाच्या अटी असतात. नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषकात दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’ झाला, तो प्रसंग घ्या. कायदा क्रमांक ४० नवीन फलंदाजाला खेळायला तयार होण्यासाठी तीन मिनिटं देतो, पण त्या स्पर्धेच्या अटींत दोनच मिनिटं होती. परीक्षेत ‘कायद्यानुसार’ विचारलं आणि तुम्ही टीव्हीवरचं उत्तर लिहिलंत, तर गुण गेले. उलट मैदानावर स्पर्धेच्या अटी न वाचता गेलात तर आणखी पंचाईत. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवा.

सहज निसटणाऱ्या काही गोष्टी :

– अपील झाल्याशिवाय अंपायर बाद देत नाही. पण बाद नसलेला फलंदाज गैरसमजाने निघून जात असेल, तर त्याला थांबवून परत बोलावणं हे तुमचं काम.
– चेंडू अंगाला लागून धाव घेतली म्हणजे लेगबाय झाला असं नाही. फलंदाजाने फटक्याचा प्रयत्न केलेला हवा किंवा चेंडू चुकवण्याचा तरी.
– रेषेवरची बॅट म्हणजे बाहेरची बॅट. बॅटचा किंवा शरीराचा काही भाग रेषेच्या आत टेकलेला हवा.
– अंपायरच्या मोजणीत चूक होऊन ओव्हर पाच किंवा सात चेंडूंची झाली, तर त्याने मोजली तशीच ती कायम राहते.

३. परीक्षा आणि कागदपत्रं

राज्यात अंपायरांचं पॅनल, म्हणजे सामन्यांना नेमायच्या अंपायरांची यादी, गोवा क्रिकेट असोसिएशनकडे असतं. नवीन लोकांसाठी परीक्षेची सूचना निघते ती संघटनेकडूनच, आणि तिच्यासाठी ठरलेला महिना गृहीत धरू नका. पर्वरीच्या कार्यालयात चौकशी करत राहा, आपल्या तालुक्यातल्या संलग्न क्लबच्या सचिवांना सांगून ठेवा, मराठी दैनिकांचं क्रीडा पान पाहत जा. पॅनलवरच्या एखाद्या ज्येष्ठ अंपायरशी ओळख असेल तर बातमी सगळ्यांत आधी तिथे कळते.

अर्जात काय मागितलंय ते सूचनेत वाचूनच ठरवा, पण एक फाइल आधीपासून तयार असू द्या : जन्मदाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा, आधार कार्ड, राहण्याचा पुरावा, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुकची प्रत, डोळ्यांचा आणि तब्येतीचा डॉक्टरी दाखला. क्लबकडून खेळला असाल किंवा स्कोअरिंग केलं असेल तर त्याचं पत्र जोडायला हरकत नाही. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे नीट बघा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नुसतं आडनाव, असा घोळ फार असतो आणि तो शेवटच्या दिवशी लक्षात येतो.

लेखी परीक्षेत प्रसंग देऊन निर्णय विचारतात. नुसतं ‘आउट’ किंवा ‘नॉट आउट’ लिहून थांबू नका. कारण लिहा, धावा किती मोजायच्या ते लिहा, पुढचा चेंडू कोण खेळणार ते लिहा, आणि खुणा कोणत्या क्रमाने कराल तेही. तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असूनही माणूस घाबरून घसरतो. त्यावर उपाय म्हणजे मोठ्याने बोलण्याचा तोच सराव.

४. पिशवीत काय हवं

काळी पँट, पांढरा शर्ट किंवा स्पर्धेने दिलेला टी-शर्ट, रुंद कडेची टोपी, दिवसभर चालतील असे बूट. चेंडू मोजायचा काउंटर, आणि तो बिघडला तर म्हणून सहा नाणी किंवा खडे. जादा बेल्स, छोटी कात्री, चिकटपट्टी, मोजपट्टी, चेंडू पुसायला फडकं, छोटी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण घामाने शाई पसरते. जमलं तर बॅट मोजायचं बॅट गेज घ्या : बॅटची रुंदी १०८ मिमी, जाडी ६७ मिमी आणि कड ४० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. पाणी स्वतःचं न्या. मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तमच.

५. एका चेंडूचा क्रम

याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. चांगला अंपायर पाहायचा असेल तर पर्वरीला किंवा मडगावात सामना चालू असताना बसा आणि दोन ओव्हर फक्त अंपायरकडे बघा, चेंडूकडे नाही.

गोलंदाज मागे वळला की क्षेत्ररक्षक मोजा. लेगला क्रीजच्या मागे कीपर सोडून दोनपेक्षा जास्त नाहीत ना? फलंदाज तयार आहे ना? स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला, उभ्या जोडीदार अंपायरकडे एक नजर. मग गोलंदाजाची धाव सुरू झाली की नजर रेषेवर. मागचा पाय रिटर्न क्रीजला (बाजूच्या रेषेला) न लागता आत पडला पाहिजे. पुढच्या पायाचा काही भाग, टेकलेला असो वा हवेत, पॉपिंग क्रीजच्या (स्टंपांपुढच्या आडव्या रेषेच्या) मागे हवा. पाय पाहिला की मान न हलवता नुसती नजर उचलायची आणि येणारा चेंडू पकडायचा. नवख्यांची गल्लत इथेच होते. ते पायाकडे इतका वेळ पाहत राहतात की चेंडू कुठे टप्पा पडला ते दिसतच नाही, आणि मग एलबीच्या अपिलाला अंदाजाने बोट वर जातं. नेटमध्ये जाऊन नुसतं हेच करा : पाय, चेंडू, टप्पा. काही बोलू नका, काही निर्णय देऊ नका.

ओव्हर सरत जातात तशी गोलंदाजाच्या बुटांनी चुन्याची रेषा पुसट होते. ड्रिंक्सच्या वेळी ग्राउंडमनला सांगून ती परत मारून घ्या. पुसलेल्या रेषेवर दिलेला नो-बॉल तुम्हाला स्वतःलाच पटणार नाही.

फटका बसला की हला. चेंडू ज्या बाजूला गेला त्या बाजूला सरका, आणि पॉपिंग क्रीजच्या रेषेत बाहेर येऊन उभे राहा, म्हणजे बॅट आणि स्टंप आडव्या नजरेत येतात. धावता धावता निर्णय देऊ नका. थ्रो येताना पाय थांबलेले हवेत, डोकं स्थिर हवं. आधी बेल निघाली की आधी बॅट टेकली, एवढंच पाहायचं. खेळाडू ओरडत असतात, त्यांना ओरडू द्या.

चेंडू डेड झाला की मगच काउंटरवर अंगठा. नो-बॉल, वाइडला दाबायचा नाही. चार चेंडू झाले की जोडीदाराला दोन बोटांची खूण करा : दोन राहिले. स्क्वेअर लेगला उभे असाल तेव्हाही मोजणी चालूच ठेवायची. ती जागा आरामाची नाही. स्टंपिंग, हिट विकेट, तुमच्या टोकाचा रनआउट आणि कमरेवरच्या फुलटॉसला जोडीदाराला मदत, एवढी कामं तिथून होतात.

आणि खुणा. नो-बॉल, वाइड, डेड बॉल खेळ चालू असतानाच जाहीर करायचे, आणि चेंडू डेड झाल्यावर स्कोअररकडे तोंड करून परत दाखवायचे. प्रत्येक खुणेला स्कोअररने हात वर करेपर्यंत पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. हल्ली स्कोअरर मोबाइलच्या ॲपमध्ये मान घालून बसलेले असतात. मान वर होईपर्यंत थांबा, कितीही घाई करोत.

६. एलबीचे पाच प्रश्न

क्रम बदलू नका. एक, चेंडू नो-बॉल नाही ना? दोन, टप्पा लेग स्टंपच्या बाहेर नाही ना? बाहेर असेल तर तिथेच संपलं. तीन, आधी बॅट लागली का? चार, चेंडू लागला तो स्टंपांच्या रेषेत का? ऑफ स्टंपच्या बाहेर लागला असेल तर फटक्याचा खरा प्रयत्न होता का? पाच, चेंडू स्टंपांवर गेला असता का?

दुसऱ्या प्रश्नावर अर्धी अपिलं संपतात. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट डावखुऱ्याला टाकतो तेव्हा तर हमखास. तालुक्यातल्या मैदानांवर मॅटिंग असेल तर पाचव्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. मॅटिंगवर चेंडू उसळतो, मांडीवर लागलेला चेंडू पुष्कळदा स्टंपांवरून जातो. अपील झाल्यावर लगेच काही करू नका. पाचही उत्तरं मनात आली की बोट वर, नाहीतर स्वच्छ आवाजात ‘नॉट आउट’. मान हलवून भागवू नका.

७. टॉसच्या आधीचा पाऊण तास

खेळ सुरू होण्याच्या किमान ४५ मिनिटं आधी मैदानावर हजर, हे कायद्यातच आहे. आपले रस्ते आणि बस धरून तासभर आधीचा हिशेब ठेवा. स्टंप ९ इंचांत आहेत ना, क्रीज बरोबर मारलीय ना, मॅटिंग ताणलेलं आहे ना, खिळे वर आलेले नाहीत ना, हे स्वतः वाकून पाहा. मग दोन्ही कर्णधारांना एकत्र बोलावून वेळा, चेंडू, ड्रिंक्स, सीमारेषा ठरवा आणि स्कोअररनाही सांगा.

गावच्या मैदानात सीमेच्या आत एखादा माड उभा असतो, कुठे विजेचा खांब असतो. असा अडथळा टॉसच्या आधी ठरवला तरच सीमा मानला जातो. न ठरवता खेळ सुरू केलात तर पहिला चेंडू माडाला लागल्यावर जे होतं ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. कुत्रा किंवा गुरं मधे आली आणि त्यामुळे एखाद्या संघाचं नुकसान झालं, तर डेड बॉल द्यायची तरतूद २०२२ पासून आहे.

पाऊस, कमी प्रकाश, विजा : निर्णय दोन अंपायरांचा, कर्णधारांचा नाही. दोघेही ‘खेळतो’ म्हणाले तरी ओल्या रनअपवर कोणाचा गुडघा जाणार असेल तर खेळ थांबवा.

८. माणसं

लहान राज्य आहे. ज्याला आज आउट दिलंत तो उद्या म्हापशाच्या बाजारात भेटणार, त्याचा काका तुमच्या ओळखीचा निघणार. म्हणून सामन्याआधी कोणाच्या तंबूत चहाला बसू नका, आणि नातेवाईक खेळत असेल तर नेमणूक करणाऱ्याला आधीच कळवा. मैदानात बोलायचं ते कर्णधाराशी. भाषा कोणतीही असो, स्वर एकच असावा.

वाद वाढला तर कायदा ४२ आहे. निर्णयावर नाराजी दाखवणं, शिव्या, अतिरेकी अपील हे पहिल्या पातळीचे गुन्हे : प्रथम संघाला ताकीद, पुन्हा झालं तर समोरच्या संघाला पाच धावा. चौथ्या पातळीला, म्हणजे मारहाण किंवा अंपायरला धमकी, खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर. ही आयुधं क्वचित वापरावी लागतात, पण ती तोंडपाठ असली की आवाज आपोआप शांत राहतो. सामना संपल्यावर अहवाल त्याच संध्याकाळी लिहा, आठवणी ताज्या असताना.

९. पुढची पायरी आणि पैसा

स्थानिक सामन्यांच्या मानधनावर घर चालत नाही. नोकरी-धंदा सांभाळूनच यात या. राज्य पॅनलवर चांगलं काम दिसलं की संघटना तुमचं नाव बीसीसीआयच्या परीक्षेसाठी पाठवते, आणि तिथली चाळणी बारीक आहे. जुलै २०२२ मध्ये अहमदाबादला झालेल्या परीक्षेत सुमारे १४० पैकी फक्त तिघे पास झाले. २०० गुणांची परीक्षा : १०० लेखी, ३५ तोंडी, ३५ व्हिडिओवर, ३० शारीरिक क्षमतेचे. तिथला एक प्रश्न आपल्याकडे तर रोजचा : झाडाची, पॅव्हेलियनची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडते आणि फलंदाज तक्रार करतो, तर काय कराल? झाडाची आणि पॅव्हेलियनची सावली विचारात घ्यायची नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर उभं राहायला सांगायचं, हलला तर डेड बॉल.

ती पायरी चढलात तर चित्र बदलतं. २०२२ मध्ये बीसीसीआयने अंपायरांच्या श्रेणी केल्या तेव्हा वरच्या दोन श्रेणींना देशांतर्गत सामन्याचे दिवसाला ४०,००० रुपये आणि त्यांखालच्या दोन श्रेणींना ३०,००० रुपये असे दर होते. इंदूरच्या नितीन मेनन यांनी २००६ मध्ये बीसीसीआयची परीक्षा दिली आणि २०२० मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते आयसीसीच्या एलिट पॅनलवर पोचले. भारताकडून त्यांच्या आधी तिथे दोघेच होते, वेंकटराघवन आणि एस. रवी. म्हणजे वेळ लागतो. विशी-पंचविशीत सुरुवात करणाऱ्याच्या हातात तो वेळ असतो. चाळिशीत येणाऱ्यालाही राज्य पॅनलवर कितीतरी वर्षं चांगलं काम करता येतं, आणि आपल्या क्लब सामन्यांना अशा माणसांची फार गरज आहे.

परीक्षेची सूचना निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. जवळच्या क्लबच्या सराव सामन्यांत, शाळांच्या सामन्यांत, वाड्यावरच्या टेनिस बॉल स्पर्धांत उभं राहायची संधी मागा. काही सामने स्कोअरिंगही करा, म्हणजे खुणा न दिसल्यावर स्कोअररचं काय होतं ते कळेल. प्रत्येक सामन्यानंतर अडलेला प्रसंग वहीत लिहा, समोर कायद्याचा क्रमांक शोधून टाका, आणि तोंडी परीक्षेला जाताना तीच वही सोबत न्या.